अठ्ठावीस नंबरची हजेरी

आधीच सांगून टाकतो, मी या ग्रुपवर दोन वर्षं आहे ते तुमच्या गोष्टींना हसायला. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारी पोरगी, बंद खोलीतले पैंजण... सगळं वाचलं आणि खाली हसरे चेहरे टाकले. ज्यांना टाकले त्यांची माफी. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात, माजलगावला. धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी बघायची आणि वहीत लिहायची, यात माझं आयुष्य गेलं. पट्टीवर दिसतं ते लिहायचं, आपल्याला वाटतं ते लिहायचं नाही. बायको उपवास धरते आणि मी तिच्यातली साबुदाण्याची खिचडी खातो, देवाधर्माशी माझा संबंध तेवढाच.

तेव्हा हेही पट्टीवर दिसलं तसंच लिहितोय. नावं बदलली आहेत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

शाळेचं नाव लिहीत नाही. गाव आंबाजोगाई. जुनी माणसं अजून मोमिनाबाद म्हणतात. निजामाच्या वेळी तिथं घोडदळाची छावणी होती. छावणी उठली, घोडे गेले, आणि कडेला मिशनच्या लोकांनी बांधलेली दगडी शाळा तेवढी राहिली. लांब व्हरांडा, वर कौलं, एका अंगाला छोटं चर्च. फक्त पोरांची शाळा. गावात तिला ‘फादरांची शाळा’ म्हणायचे. ख्रिश्चन पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, बाकी आम्ही सगळे — मराठे, वंजारी, बौद्ध, मुसलमान, मारवाड्याची दोन. आज त्या शाळेतून निघालेले डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, एस. टी.चे ड्रायव्हर आहेत, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादमही आहेत. पोरगा ‘फादरांच्या शाळेतला’ म्हटलं की सोयरीक जमायला अर्धी मदत व्हायची, असे ते दिवस.

आमच्या वर्गाची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठे फादर — आम्ही त्यांना मोठे फादरच म्हणायचो, ते मूळचे वसईचे — हजेरी घेताना नंबर पुकारायचे. पण ज्याचा नंबर त्यानं बोलायचं नाही. त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्यानं उभं राहून बोलायचं. माझा नंबर सत्तावीस. सत्तावीस म्हटलं की माझ्या डावीकडे बसणारा यशवंत कांबळे उठायचा आणि म्हणायचा, “हाय, फादर.” मग अठ्ठावीस म्हटलं की मी उठायचो, त्याच्यासाठी. फादर म्हणायचे, स्वतःच्या तोंडानं कोणीही हजर असतो, दुसऱ्यानं सांगितलं तर खरं.

आणि शेजारचा आला नसेल तर? ‘माहीत नाही’ हे उत्तर चालायचं नाही. “बघून येतो, फादर,” असं म्हणायचं आणि मधल्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन खरंच बघून यायचं. दुपारी फादर वर्गात येऊन एवढंच विचारायचे, “बघून आलास का?” पाच वर्षं हेच. जोड्या त्यांनी स्वतः लावलेल्या, आणि त्या मुद्दाम तशा लावल्या होत्या हे कळायला मला बरीच अक्कल यावी लागली. माझ्या इंग्रजी शाळेतल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, पप्पा, तुम्ही फादरला ‘हाय’ म्हणायचात? म्हटलं, हो बाबा, लई मॉडर्न होतो आम्ही.

यशवंतचा आवाज म्हणजे आवाज. हडकुळं पोरगं, पण “हाय, फादर” म्हणालं की व्हरांड्यातली कबुतरं उडायची. फादर रोज न चुकता म्हणायचे, “हळू, कांबळे. कौलं शाळेची आहेत.” आणि वर्ग रोज न चुकता हसायचा.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. नववीत होतो. मी मामाकडे राहून शिकायचो. मामीनं बजावलेलं, शाळेत कुणाबरोबर पण बस, पण त्या वस्तीत पाय ठेवायचा न्हाई. एक दिवस यशवंत आला नाही. मी उठून म्हटलं, बघून येतो. मधल्या सुट्टीत निघालो, वस्तीच्या अलीकडे एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, आणि घंटा व्हायच्या सुमाराला परत आलो. फादरनी विचारलं, “बघून आलास का?” म्हटलं, “हो फादर, ताप आलाय त्याला.”

त्या दिवशी सकाळी त्याचे वडील वारले होते. मोंढ्यात हमाली करायचे, पोतं पाठीवर असतानाच खाली बसले ते उठले नाहीत. आठ दिवसांनी यशवंत शाळेत आला. बाकावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “तू आला न्हाईस बे.” बास, एवढंच. मग फादरनी सत्तावीस पुकारलं, तो उठला आणि नेहमीच्याच आवाजात माझी हजेरी दिली. त्यानंतर मी मामीला न सांगता त्याच्या घरी जायला लागलो. त्याची आई काळा चहा करायची, गुळाचा. किती प्यालो असेन त्याला हिशोब नाही.

दहावीनंतर वाटा फुटल्या. मी डिप्लोमाला गेलो, तो एस. टी.त मेकॅनिक लागला. लग्नात भेटलो, एकमेकांच्या आणि इतरांच्या. नंतर भेटणं रस्त्यावर आलं, मग फोनवर, आणि मग दुसऱ्यांचे ‘नमस्कार’ पुढे ढकलण्यावर. तो आपल्या मूळ गावी, युसूफ वडगावला घर बांधून राहिला एवढं माहीत होतं. माजलगावहून काय लांब नाही हो. मनात असतं तर चहा पिऊन दुपारच्या आत परत आलो असतो.

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला : आपला मित्र यशवंत कांबळे याचे बार्शी येथे उपचारादरम्यान दुःखद निधन. पाठवणाऱ्यानं कुणाकडून तरी स्टँडवर ऐकलेलं. खाली धडाधड हात जोडलेले, फुलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मीही लिहिलं. काय लिहिलं ते आठवतं : ‘माझा बाकावरचा भाऊ गेला.’ त्याला चौदा जणांनी हात जोडले. ते मी मोजले, हे सांगायची लाज वाटते. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं, हे खरं आहे. जेवलो नाही. पण गाडी काढून गेलो नाही. का गेलो नाही विचाराल तर... आता जाऊन काय उपयोग, असं वाटलं. पावसाळ्यात धरणाच्या पाण्यावर लक्ष ठेवायचं काम होतं, असंही वाटलं. ही कारणं आहेत का? नाहीत.

डिसेंबरात शाळेनं माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठेवला. रविवार होता. मोठ्या फादरना वसईहून गाडी करून आणलं होतं. नव्वदीच्या घरातले, डोळे गेलेले, दोन्ही बाजूंनी धरून चालवावं लागत होतं. शाल-श्रीफळ, भाषणं झाली, आणि मग ते म्हणाले, मला माझा वर्ग द्या, हजेरी घेतो. आम्ही एकतीस जण आमच्या जुन्या वर्गात जाऊन बसलो. टक्कल पडलेले, केस काळे केलेले, पोटं बाकात मावत नव्हती. बाकं आता नवीन आहेत, लोखंडी, खाली बोल्ट मारलेली. पण बसलो जुन्याच जागेवर, जुन्याच जोडीनं. माझ्या डावीकडची जागा रिकामी.

ज्याची जोडी राहिली नाही त्याची हजेरी मागच्यानं द्यायची, असं ठरलं. माझ्या मागे सलीम होता. त्याचं आता स्टँडजवळ टायरचं दुकान आहे. तो म्हणाला, “फिकर करू नको बे, तुजी हजेरी मी देतो.”

फादरच्या हातात वही नव्हती. वहीचा उपयोगही नव्हता. पाठ होते सगळे नंबर. एक, हाय फादर. दोन, हाय फादर. गेलेल्यांच्या नंबरला शेजारचा उठून म्हणायचा, “वारला, फादर.” फादर क्रुसाची खूण करायचे आणि पुढे जायचे. असे तेरापर्यंत तिघे झाले. पहिल्यांदा सगळ्यांना गंमत वाटत होती, मग हळूहळू वर्ग गप्प झाला.

“सत्तावीस.”

माझ्या डावीकडून आवाज आला, “हाय, फादर.”

मोठा. अगदी जुना, तस्साच मोठा. आणि शेजारचा माणूस झटक्यात उठला की बाक जसं आपल्या बाजूला दबतं, तसं ते माझ्या बाजूला दबलं. नंतर मी खाली वाकून बघितलंय, बोल्ट घट्ट आहेत, ते बाक हलत नाही. मी डावीकडे बघितलं. कोणी नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं ते रिकाम्या जागेवर पडलं होतं.

फादरनी मान उचलली आणि हसून म्हणाले, “हळू, कांबळे. कौलं शाळेची आहेत.”

सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं सलीमनं नक्कल केली आणि आंधळे फादर फसले. मलाही क्षणभर तेच वाटलं, किंवा तसं वाटून घ्यायचं होतं.

“अठ्ठावीस.”

मी उठलो. म्हटलं, “वारला, फादर.”

त्यांनी क्रुसाची खूण केली नाही. हात तसाच अर्ध्यावर ठेवून म्हणाले, “कोण?”

“यशवंत कांबळे, फादर. गणपतीत वारला.”

“आत्ता तर बोलला,” फादर म्हणाले. वर्गात पुन्हा हसू फुटलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं आणि विचारलं, “बघून आलास का?”

तीस माणसं माझ्याकडे बघत होती. ‘नाही फादर, बघून येतो’ — एवढं म्हणायचं होतं. हे उत्तर आम्हाला त्यांनीच शिकवलेलं, त्यात कमीपणा काहीच नव्हता. पण मला ग्रुपवरचं माझं ते वाक्य आठवलं, बाकावरचा भाऊ वगैरे. इतका हळहळलेला माणूस आता कसा म्हणेल की मी गेलोच नव्हतो?

“हो, फादर,” मी म्हणालो.

त्यांनी खूण केली आणि एकोणतीस पुकारलं.

जेवताना सलीम पुरीभाजीची ताटली घेऊन माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, “सुध्या, त्यो मी न्हवतो. आईची आन. मी तोंड उघडलं आन् आवाज आदीच आला. तुज्या बाजूनं आला.” म्हटलं, कशाला चेष्टा करतो? तर म्हणाला, “गेलेल्याची चेष्टा करीन का मी? येवडा वळखतोस का मला?” आमच्यातल्या एका डॉक्टरनं मोबाईलवर सगळ्या हजेरीचा व्हिडिओ घेतला होता. तो लावून बघितला. फादर सत्तावीस म्हणतात. मग पंख्याची घरघर. मग फादर म्हणतात, हळू कांबळे, आणि सगळे हसतात. मधलं काहीच नाही. डॉक्टर म्हणाला माइकचा प्रॉब्लेम असेल. असेल. व्हिडिओवर वेळ होती अकरा वाजून वीस मिनिटं.

मी माजलगावला गेलो नाही, मुक्काम केला. सोमवारी सकाळी उठून युसूफ वडगावला गेलो. आवाजामुळे गेलो असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. फादरना खोटं बोललो होतो, ते खरं करून टाकावं म्हणून गेलो. वहिनींना भेटायचं, चार शब्द बोलायचे, झालं बघून.

स्टँडवर भज्याची गाडी होती. तिथल्या माणसाला विचारलं, “ते एस. टी.त होते ते यशवंत कांबळे... गणपतीत वारले बघा, त्यांचं घर कुठं?”

त्यानं झारा कढईवर आपटला आणि माझ्याकडे नीट बघितलं. “गनपतीत कावून वारतील? काल सांच्याला माती झाली की त्यांची.”

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. वर हेही सांगितलं, “बार्शीला नेलतं ना त्येंना, गळ्याचं आपरेशन झालं. घसा काडला पूर्ण. बोलता येत न्हवतं, पर होते की. पारावर येऊन बसायचे.”

घर लांब नव्हतं. दारात सतरंजी, वर माणसं बसलेली. जयभीम घातला. आत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. एक मुलगी पुढे आली, नर्सिंगला शिकते ती, त्याची प्रज्ञा. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. ती मागे वळून आत म्हणाली, “आई, सुधाकर काका आले.”

आतून वहिनींचा आवाज आला, “आले का?”

वाट बघणारी माणसं विचारतात तसं. मला बसायलाही सुचलं नाही.

मग वहिनी सांगत गेल्या, मध्येमध्ये थांबत. शाळेच्या ग्रुपवर यशवंत होताच, मोबाईल प्रज्ञाचा होता. आम्ही वाहिलेली सगळी श्रद्धांजली त्यानं वाचली होती. वहिनी म्हणाल्या, “लई हसले. आवाज न्हवता, गळ्याच्या भोकातून नुसता वारा यायचा. पर डोळ्यातून पानी येस्तवर हसले. पोरगी म्हनली, बाबा, मी लिवते की तुमी हायत म्हनून. तर न्हाईच म्हनले. पाटीवर लिवलं...”

ती पाटी प्रज्ञानं मला दाखवली नाही, पुसलेली होती. पण काय लिहिलं होतं ते दोघींना पाठ होतं. ‘कुणाला सांगू नको. सुध्या बघायला येईल. आल्यावर त्यालाच दाखवू.’

“रोज म्हनायचे, आज येईल. मंग म्हनायला लागले, कामात आसंल,” वहिनी म्हणाल्या. “चार म्हयने झाले. नंतर नंतर म्हननं सोडलं.”

मी खाली बघत होतो.

“काल मेळावा हाय हे त्येंना ठावं होतं. सकाळी पांढरा शर्ट घालून घेतला. उठून बसायचं बळ न्हवतं, दोन दिस पानीच घेत होते. नळ आला सव्वा अकराला, म्हनून मला टाइम याद हाय, आठ दिसाला एकदाच येतो. मी हंडा लावलता. आन् आतून आवाज आला भाऊ...” त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. “‘हाय, फादर.’ असा आवाज. आपरेशनच्या आदीचा. लग्नातला आवाज त्यो. मी हंडा तसाच टाकून पळत आले. तर ताठ बसलेले.”

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती नर्सिंगची पोरगी, ती म्हणाली, “काका, स्वरयंत्र नव्हतंच बाबांना. गळ्यात भोक होतं. त्यातून शब्द निघूच शकत नाही. मला शिकवलंय हे. पण मी पण ऐकलं.”

“मंग?” मी विचारलं.

“मंग कान देऊन बसले,” वहिनी म्हणाल्या. “कुनीतरी कायतरी बोलनार हाय, आन् ते ऐकायचं हाय, आसं. मी बोलाया गेले तर हातानं गप बस म्हनले. थोडा येळ बसले तसेच. मंग मान हलवली, कळलं म्हनून हलवत्यात तशी. आन् भिंतीकडं तोंड करून पडले. साडेबाराला चहा घेऊन गेले तवा...”

सव्वा अकराला नळ आला. अकरा वीसला फादरनी सत्तावीस म्हटलं. त्यानं माझी हजेरी दिली. मग तो कान देऊन बसला, कारण पुढचा नंबर त्याचा होता आणि उत्तर मी द्यायचं होतं.

मी विचार केलाय, नाही असं नाही. मेळाव्याची वेळ त्याला माहीत होती, हजेरी होणार हे माहीत होतं. आजारी माणूस मनातल्या मनात शाळेत जाऊन बसला असेल. मला त्याचीच आठवण येत होती, म्हणून मला त्याचा आवाज ऐकू आला असेल. पण सलीमला? एकतीस जणांना? आंधळ्या फादरना? आणि ज्याला गळाच नाही त्याचा आवाज नळावरच्या बाईला? हे सगळं मी वहीत मांडतो तसं मांडून बघितलं, पाणी कुठल्याच पट्टीला लागत नाही.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “भाऊ, तुमच्यात ती एकमेकाची हजेरी द्यायची रीत होती म्हनं. ते सांगायचे नेहमी. काल घेतली का हजेरी?”

“घेतली,” मी म्हटलं.

“त्यांचं नाव आलं आसंल.”

“आलं.”

“तुमी काय म्हनालात मंग?”

दारातली माणसं ऐकत होती. प्रज्ञा ऐकत होती. मी म्हणालो, “हाय म्हणालो, वहिनी.”

त्यांचा बांध फुटला. दोन दिवसांत पहिल्यांदाच रडल्या असं नंतर कळलं. माझे दोन्ही हात धरून म्हणत होत्या, “ऐकून गेले. ऐकून गेले बगा. मान हलवली ती तुमचं ऐकून.” दारातल्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. कुणीतरी मला पाणी दिलं आणि मी ते प्यायलो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी मला चारचौघांसमोर उभं केलं. म्हणाल्या, भाऊ, तुमीच सांगा. मी सांगितलं. सलीम आला होता, मागच्या रांगेत बसला होता. मी वर्गात काय म्हणालो ते त्यानं ऐकलेलं आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, जेवला आणि निघून गेला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही, मीही केलेला नाही. मोठ्या फादरना वसईला पत्र लिहायला तीनदा बसलो. ते वाचू शकत नाहीत, दुसरा कोणीतरी वाचून दाखवणार, म्हणून फाडून टाकलं.

वहिनींचा दर महिन्याला फोन येतो. बरे हायत का भाऊ, म्हणतात. कुणी पाहुणा घरी आला की फोन त्याच्या हातात देतात, सांगा म्हणतात त्यांना. मी सांगतो. आता मला ते इतकं छान सांगता येतं की शेवटाला मीच डोळे पुसतो.

तो आवाज कसा आला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी सांगेल ते मी ऐकून घेईन, हसणार नाही. पण मला झोप लागत नाही ती त्या आवाजामुळे नव्हे. यशवंतनं चार महिने वाट बघितली, शेवटी एक वेळ ताठ बसून कान दिला, आणि त्याला ऐकू गेलं असेल तर ‘वारला’ एवढंच ऐकू गेलं. त्यावर त्यानं मान हलवली. भांडलासुद्धा नाही.

प्रज्ञा या गोष्टींच्या ग्रुपवरही आहे. मला ते माहीत आहे, तिचं नाव मी यादीत बघितलंय. तिला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहिलं. पोरी, तू चिडशील, ते बरोबरच आहे. फक्त आईला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव, मला ठरवता येत नाही.